‘पंधरा दिवसांत होईल’ म्हणताना चुकते काय?

पुण्याच्या एखाद्या उपनगरातला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर एकच, मदतीला एक रिसेप्शनिस्ट आणि टेबलावर रुग्णांच्या नावांची जाडजूड वही. सकाळी नऊला आलेल्याचा नंबर अकराला लागतो, फोन सतत वाजत असतो. रुग्णांना वेळ ठरवून देणारे एक छोटेसे सॉफ्टवेअर असावे, असे डॉक्टरबाईंच्या मनात कधीपासून आहे. ओळखीतला एक प्रोग्रॅमर येतो, सगळे नीट ऐकून घेतो, मनातल्या मनात आकडेमोड करतो आणि सांगतो, ‘‘लहानच काम आहे मॅडम. पंधरा दिवसांत होईल.’’

पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. शेवटचे तीन आठवडे प्रोग्रॅमर रात्री दोन-दोनपर्यंत जागतो, डॉक्टरांचे फोन टाळू लागतो आणि दवाखान्यातली वही टेबलावर तशीच राहते.

दवाखाना कल्पित असला, तरी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला कोणीही त्याला ओळखेल. हजार माणसांचा प्रकल्प लांबला तर त्याची बातमी होते, चौकशी होते. एक-दोन माणसांनी करायचे काम लांबले तर ‘आळशी आहे’, ‘शब्दाचा पक्का नाही’ एवढ्यावर निकाल लागतो. प्रत्यक्षात त्या प्रोग्रॅमरने खोटे सांगितलेले नसते आणि आळसही केलेला नसतो. ‘पंधरा दिवस’ म्हणताना त्याला ते मनापासून खरे वाटत होते. माणसाच्या मनाला भविष्यातल्या कामाची लांबी अशी आखूड का दिसते, यावर गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी आणि संगणकशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे.

आधी त्या पंधरा दिवसांचा हिशेब पाहू. नाव, मोबाइल नंबर आणि वेळ भरण्याचा फॉर्म, दोन दिवस. माहिती साठवणारा डेटाबेस, दोन दिवस. दिवसभराची यादी दाखवणारा स्क्रीन, दोन दिवस. रुग्णाला एसएमएस पाठवणे, एक दिवस. तपासून पाहणे, दोन दिवस. झाले नऊ. वर सहा दिवस हाताशी ठेवले. हिशेब वाजवी आहे. किंबहुना सहा दिवस जास्तीचे धरणारा हा माणूस सावधच म्हणायचा.

आता काम सुरू होते. एसएमएस पाठवण्याचा कोड खरोखरच एका दिवसात लिहून होतो. पण भारतात व्यवसायासाठी एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2018 च्या नियमांनुसार आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदणी करावी लागते. पाठवणाऱ्या संस्थेची नोंदणी, मेसेजवर दिसणाऱ्या नावाची नोंदणी आणि मेसेजच्या मजकुराच्या साच्याचीही नोंदणी. ती मंजूर होईपर्यंत तयार कोड नुसता पडून राहतो. मंजुरी मिळते तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात येते की मेसेज इंग्रजीत आहे आणि त्यांच्या निम्म्या रुग्णांना तो मराठीत हवा. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरचिन्हे मावतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. ‘दवाखाना’ हा शब्द वाचायला चार अक्षरांचा, पण मोजणीत सात चिन्हांचा. मजकूर लांबला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. म्हणजे मजकूर पुन्हा लिहा, साचा पुन्हा मंजुरीला पाठवा.

तेवढ्यात रिसेप्शनिस्टबाई एक साधा प्रश्न विचारतात. आजी, सून आणि दोन नातवंडे या चौघांचा मोबाइल नंबर एकच असेल तर? प्रोग्रॅमरने मोबाइल नंबर हीच रुग्णाची ओळख धरलेली असते. आता डेटाबेस उकलायला हवा. मग पुढचे प्रश्न येऊ लागतात. वेळ न घेता थेट आलेल्या तापाच्या रुग्णाला कुठे बसवायचे? डॉक्टर तातडीने कुठे बाहेर गेल्या तर त्या सकाळच्या सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलायच्या कशा? जुन्या वहीतली नावे कोण भरणार? इंटरनेट बंद असेल त्या दिवशी काय करायचे? यातला एकही प्रश्न अवघड नाही. प्रत्येकाला अर्धा दिवस, एक दिवस, फार तर दोन दिवस लागतात. फक्त नऊ दिवसांच्या त्या यादीत यांपैकी एकही नव्हता.

गंमत म्हणजे फॉर्मला दोन दिवसच लागले होते आणि यादीच्या स्क्रीनलाही. ज्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या त्यांचा अंदाज बरोबर आला. चुकली ती यादी. आयबीएममध्ये मोठ्या संगणकप्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात आपला ठोकताळा दिला होता. एकूण वेळाचा एकतृतीयांश भाग आखणीला, एकषष्ठांश भाग प्रत्यक्ष कोड लिहायला आणि उरलेला अर्धा तपासणीला. हा ठोकताळा मोठ्या कामांतून आलेला आहे, तो दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी आपल्या प्रोग्रॅमरचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. नऊपैकी सात दिवस कोडला, दोन तपासणीला आणि आखणीला शून्य.

ही चूक अनुभवाने जाते का? या प्रश्नाचे उत्तर देणारी एक कहाणी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. अर्थशास्त्राच्या नोबेलचे 2002 चे मानकरी असलेले कानेमन 1970 च्या दशकात इस्रायलमध्ये एका गटाचे प्रमुख होते. निर्णय कसे घ्यावेत, या विषयावर शाळांसाठी पाठ्यपुस्तक तयार करणे हे गटाचे काम. वर्षभर दर शुक्रवारी बैठका झाल्या, काही प्रकरणेही लिहून झाली. एके दिवशी कानेमन यांनी सगळ्यांना सांगितले की पुस्तक पूर्ण व्हायला अजून किती काळ लागेल ते कागदावर लिहा. सगळ्यांची उत्तरे दोन वर्षांच्या आसपास आली. कमीत कमी दीड, जास्तीत जास्त अडीच.

मग त्यांनी गटातल्या सेमूर फॉक्स या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारले की असे काम हाती घेतलेले दुसरे गट तुमच्या पाहण्यात असतील, त्यांना किती वेळ लागला? फॉक्स यांनी थोडा विचार केला आणि ते संकोचले. साधारण 40 टक्के गटांचे काम कधी पूर्णच झाले नव्हते. ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली होती. आणि आपला गट त्यांच्या तुलनेत कसा आहे? सरासरीपेक्षा किंचित कमीच. ही सगळी माहिती फॉक्स यांच्या डोक्यात आधीपासून होती. तरीही काही मिनिटांपूर्वी कागदावर त्यांनीही दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता. गटाने हे ऐकले, थोडी चर्चा केली आणि काम तसेच पुढे चालू ठेवले. पुस्तक पूर्ण व्हायला आणखी आठ वर्षे लागली. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला होता आणि ते पुस्तक वापरात आलेच नाही.

कानेमन आणि त्यांचे सहकारी अमोस ट्वेर्स्की यांनी या प्रवृत्तीला 1979 मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. मराठीत नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. एखाद्या कामाकडे दोन बाजूंनी पाहता येते, असे त्यांचे म्हणणे होते. आतून पाहिले की कामाचे टप्पे दिसतात. आधी हे, मग ते, आणि झाले. बाहेरून पाहिले की हे काम त्याच्यासारख्या अनेक कामांपैकी एक दिसते आणि त्या कामांना किती वेळ लागला होता हे विचारता येते. माणसाचे मन आपोआप आतून पाहते. फॉक्स यांच्यासारख्या जाणत्या माणसालाही बाहेरून पाहण्यासाठी कोणीतरी प्रश्न विचारावा लागला.

पुढे रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या संशोधकांनी कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर याची पडताळणी केली. प्रबंध पूर्ण करण्याच्या बेतात असलेल्या 37 विद्यार्थ्यांना विचारले की अजून किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आले 33.9 दिवस. सगळे अगदी सुरळीत झाले तर? 27.4 दिवस. आणि सगळेच बिघडले तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55.5 दिवस लागले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला शेवटचा आकडा खरा बोलका आहे. ‘सगळे बिघडले तर’ म्हणून जे चित्र विद्यार्थ्यांनी रंगवले होते त्याच्यापेक्षाही वास्तव आठवडाभर पुढे गेले. म्हणजे माणसाला वाईटाची कल्पना करायला सांगितली तरी ती कमीच पडते. याच संशोधकांना असेही दिसले की तेच काम दुसऱ्याचे असेल तर त्याच्या वेळेचा अंदाज बांधताना लोक एवढे आशावादी राहत नाहीत. शेजारच्याचे घर वेळेत बांधून होणार नाही, हे आपल्याला कसे बरोबर कळते!

याच्या मुळाशी थोडे साधे गणितही आहे. तीन तासांचे काम फार नशीब असले तर दोन तासांत होईल, त्याहून कमी वेळात क्वचितच. पण बिघडले तर ते दहा तासही खाऊ शकते. वेळ वाचायला खाली जागा थोडी असते आणि वाढायला वर मोकळे रान. अमेरिकी नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत वापरली. तिच्यात कमीत कमी वेळ, चौपट केलेला नेहमीचा वेळ आणि जास्तीत जास्त वेळ यांची बेरीज करून सहाने भागतात. वरच्या कामासाठी 2 अधिक 12 अधिक 10, भागिले 6, म्हणजे चार तास. अशी सहा कामे असतील तर ‘नेहमीच्या’ वेळेची बेरीज 18 तास येते, या सूत्राने 24. प्रोग्रॅमर प्रत्येक तुकड्याचा नेहमीचा वेळ प्रामाणिकपणे सांगतो आणि बेरजेत मात्र सहा तास गळून जातात. शिवाय जुन्या कामांना किती वेळ लागला होता याची आठवणही खरी नसते. मायकेल रॉय, निकोलस ख्रिस्टनफेल्ड आणि क्रेग मॅकेन्झी यांनी 2005 मध्ये मांडले की झालेल्या कामांचा वेळ आपल्या आठवणीत मुळातच आखडलेला असतो, आणि पुढचा अंदाज त्याच आठवणीवर उभा राहतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा विषय सर्वांत चिकाटीने खणला तो नॉर्वेतल्या सिमुला रिसर्च लॅबोरेटरीतल्या माग्ने यॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 2003 मध्ये त्यांनी तोवर झालेली सर्वेक्षणे एकत्र करून पाहिली. 60 ते 80 टक्के प्रकल्प अंदाजापेक्षा जास्त श्रम किंवा वेळ घेत होते आणि सरासरी वाढ होती 30 ते 40 टक्के. आपल्या दवाखान्याच्या मानाने ही वाढ सौम्यच म्हणायची, पण ती सरासरी आहे.

छोट्या कामांविषयी त्यांचा एक प्रयोग तर चक्रावून टाकणारा आहे. यॉर्गेन्सन आणि स्टाइन ग्रिमस्टाड यांनी सात अनुभवी व्यावसायिकांना तीन महिन्यांच्या काळात 60 छोट्या-मोठ्या कामांचे अंदाज द्यायला लावले. त्यांतली सहा कामे मुद्दाम दोनदा दिली होती, पण हे त्यांना सांगितले नव्हते. माणूस तोच, काम तेच, वर्णन तेच. दोन अंदाजांतला सरासरी फरक निघाला 71 टक्के! अंदाज चुकतो हे समजण्यासारखे आहे. पण त्याच माणसाचा अंदाज त्याच्याच अंदाजाशी जुळत नसेल, तर ‘पंधरा दिवस’ हा आकडा नेमका कशाचा आहे, असा प्रश्न पडतो. सोमवारी विचारले असते तर कदाचित ‘पंचवीस’ असे उत्तर आले असते.

माणसे बदलली की फरक आणखी वाढतो. सिमुला संस्थेलाच एक छोटी वेबप्रणाली हवी होती. तिचे एकच वर्णन देऊन निविदा मागवल्या तेव्हा 35 कंपन्यांनी दर दिले. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग निविदेत वीसपटींहून जास्त फरक होता. त्यांतल्या चार कंपन्यांना संस्थेने तीच प्रणाली स्वतंत्रपणे बनवायला दिली आणि चौघांच्या कामाची तुलना 2009 मध्ये प्रसिद्ध केली. असा प्रयोग करायला वेगळीच हौस लागते, कारण एकाच वस्तूचे चार वेळा पैसे मोजावे लागतात. सामान्य ग्राहक असे करत नाही. तो सर्वांत कमी दर आणि सर्वांत कमी दिवस सांगणाऱ्याला काम देतो. म्हणजे अनेकांच्या अंदाजांत ज्याची चूक कमी आकड्याकडे सर्वांत जास्त झुकली आहे, नेमका तोच निवडला जातो. डॉक्टरबाईंनी तिघांना विचारले असेल आणि बाकी दोघांनी ‘दीड महिना’ सांगितला असेल, तर पंधरा दिवसवाल्याची निवड होणारच.

ग्राहकाचे शब्दही अंदाज वाकवतात. ग्राहकाला हे काम किती वेळात होईल असे वाटते, हे आधी कानावर पडले की तज्ज्ञांचे आकडे त्या बाजूला सरकतात, असे यॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. ग्राहकाला या विषयातले काही कळत नाही, असे स्पष्ट सांगितले तरीही सरकतात. आणि ‘तुमच्यावर याचा परिणाम झाला का’ असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतात किंवा अगदी थोडा झाला असे सांगतात. नव्या सुविधेला ‘किरकोळ भर’ म्हटले तर अंदाज कमी येतो. आपल्याकडे संभाषणाची सुरुवातच ‘‘छोटंसं काम आहे हो, आठवड्यात होईल ना?’’ अशी होते. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात आठवड्याचा खुंटा तिथेच ठोकला जातो. तो ताणून ताणून पंधरा दिवसांपर्यंत जातो, त्यापुढे जायला संकोचतो.

‘कमीत कमी आणि जास्तीत जास्त’ अशी दोन टोके सांगितली तर? त्यानेही पुरते भागत नाही. ‘90 टक्के खात्री वाटेल अशी मर्यादा सांगा’ असे व्यावसायिकांना सांगितले, तेव्हा प्रत्यक्ष वेळ त्या मर्यादेत बसण्याचे प्रमाण 60 ते 70 टक्क्यांच्या घरातच राहिले. मर्यादा रुंद ठेवली तर ‘याला काही येत नाही’ असे समोरच्याला वाटेल, ही धास्तीही त्यामागे असते. ती अगदीच खोटी नाही.

खरी अडचण अंदाज चुकण्याची नाहीच. पाऊस किती पडेल याचा अंदाज चुकला म्हणून वेधशाळेतल्या कर्मचाऱ्याला रात्रभर जागून पाऊस पाडावा लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अंदाज तोंडातून बाहेर पडला की त्याचा शब्द होतो. मग करारातली तारीख होते, मग डेडलाइन. आयटी कंपन्यांत ‘एस्टिमेट’ हा एकच शब्द तिन्ही अर्थांनी फिरतो. मला काय वाटते, साहेबांना काय हवे आहे आणि मी काय कबूल केले आहे. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण बैठकीत त्या वेगळ्या काढून बोलले जात नाही. आणि तारीख हलत नसेल तर उरलेले एकच माप ताणता येते, माणसाचे जागेपण.

इथे हा विषय आरोग्याचा होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त आढळतो. हृदयाचा रक्तपुरवठा अडल्याने होणाऱ्या मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. 2016 या एका वर्षात जगभरात 7 लाख 45 हजार मृत्यू दीर्घकाळ कामाशी जोडले गेले. एखादे छोटे काम लांबल्याने कोणाला पक्षाघात होत नाही, हे खरे. पण फ्रीलान्स काम करणाऱ्याकडे किंवा चार माणसांच्या कंपनीत एक छोटे काम संपले की दुसरे उभेच असते, आणि त्याचाही अंदाज त्याच पद्धतीने दिलेला असतो. ‘शेवटचे तीन आठवडे’ मग वर्षभर चालतात. कामाच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणात नोंदवले. त्याला आजार म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणाशी निगडित स्थिती म्हटले आहे. म्हणजे उपाय शोधायचा तोही माणसापेक्षा कामात.

बरे, जागून काम तरी पुढे सरकते का? इटलीत संगणकशास्त्राच्या 45 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना आदली रात्र पूर्ण जागून काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सारखेच प्रोग्रॅमिंगचे काम दिले. जागलेल्यांच्या कोडची गुणवत्ता निम्म्यावर आली. हे नवशिके होते आणि पूर्ण रात्र जागले होते, म्हणून अनुभवी माणसाच्या रोजच्या दोन वाजेपर्यंतच्या जागरणाला तेच प्रमाण लावू नये. पण दिशा स्पष्ट आहे. रात्री दोनला लिहिलेल्या कोडमधली चूक दुसऱ्या दिवशी सापडते आणि ती शोधण्यात तो दिवस जातो. उशीर भरून काढण्यासाठी केलेले जागरण उशिरात भर घालते. दुसरा माणूस मदतीला घ्यावा, तर त्याला सगळे समजावण्यात पहिल्याचा वेळ जातो. उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की उशीर वाढतो, हे ब्रुक्स यांनी पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

मग करायचे काय? बाजारात अंदाजाची अनेक सूत्रे आणि सॉफ्टवेअरे आहेत. छोट्या कामांसाठी त्यांपैकी बरीचशी म्हणजे चिमणी मारायला तोफ. उपयोगी पडते ती एक साधी वही. हाती घेतलेल्या प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहायचे, किती दिवस सांगितले आणि किती लागले. समजा, आपल्या प्रोग्रॅमरने गेल्या दहा कामांची अशी नोंद ठेवली आहे. सांगितलेल्या दिवसांना लागलेल्या दिवसांशी ताडून पाहिले तर पटी निघाल्या 0.9, 1.1, 1.2, 1.2, 1.4, 1.5, 1.6, 1.8, 2.3 आणि 3.1. मधला आकडा साधारण 1.45. दहापैकी आठ कामे 1.8 पटीच्या आत संपली. आता तो डोळे मिटून ‘पंधरा दिवस’ म्हणाला, तर वही सांगेल की बावीस दिवसांत होण्याची शक्यता निम्मी आहे. दहापैकी आठ वेळा शब्द पाळायचा असेल तर सत्तावीस दिवस सांगायला हवेत. शेवटच्या 3.1 पटीच्या कामात काय घडले होते, ते आठवून त्याच्यापुढे लिहून ठेवले तर आणखी बरे. कानेमन यांनी ज्याला बाहेरून पाहणे म्हटले, ते हेच. मनातल्या आशावादाशी भांडायचे कारण उरत नाही, त्याला पटीने गुणायचे.

दुसरी गोष्ट यादीची. जस्टिन क्रूगर आणि मॅट इव्हान्स यांनी 2004 मध्ये दाखवले की कामाचे बारीक तुकडे पाडून लिहायला लावले की लोक जास्त वेळ सांगतात आणि तो वास्तवाच्या जवळ जातो. त्यांच्या प्रयोगांत सणाच्या खरेदीपासून खाद्यपदार्थ तयार करण्यापर्यंतची कामे होती. दिवाळीत ‘तासाभरात चकल्या होतील’ म्हणणाऱ्याने भाजणी भिजवणे, सोऱ्या शोधणे, तेल तापणे, पहिला घाणा मोडणे आणि शेवटी ओटा पुसणे एवढे लिहून काढले तरी तास पुरणार नाही हे कळते. सॉफ्टवेअरमध्ये कोणाची मंजुरी लागणार, जुनी माहिती कोण भरणार, वापरणाऱ्याला कोण शिकवणार, हे तुकडे नेमके यादीत नसतात. म्हणून यादी करताना मालकाइतकेच किंवा त्याहूनही जास्त, ते रोज हाताळणाऱ्याला विचारावे. चौघांच्या एकाच मोबाइल नंबरची गोष्ट डॉक्टरांना सुचली नसती. ती रिसेप्शनिस्टलाच ठाऊक होती.

एकापेक्षा जास्त माणसे असतील तर जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये सुचवलेला ‘प्लॅनिंग पोकर’चा खेळ अनेक टीम खेळतात. प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर झाकून ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा. ज्येष्ठाचे ऐकून बाकीच्यांनी मान डोलवण्याची सोय राहत नाही. एकाचा आकडा दोन आणि दुसऱ्याचा तेरा निघाला, तर त्या दोघांना बोलते करणे हाच खरा फायदा असतो.

जास्तीचे दिवस मागितले तर काम तेवढे पसरते, अशी शंका साहेबांना असते. सिरिल पार्किन्सन यांनी 1955 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये थट्टेच्या सुरात तेच लिहिले होते. पण दोन्ही बाजूंनी हा खेळ सुरू झाला की प्रोग्रॅमर फुगवून सांगतो, साहेब कापून घेतात आणि खरा आकडा कोणालाच कळत नाही. वहीचा एक उपयोग हाही आहे की तिच्यातल्या नोंदी दोघांना एकत्र बसून पाहता येतात.

दवाखान्यातले ते पहिले संभाषण मग जरा वेगळे होऊ शकते. प्रोग्रॅमर लगेच आकडा न सांगता अर्धी सकाळ रिसेप्शनिस्टच्या शेजारी बसून काढतो. घरी जाऊन यादी करतो, वहीतल्या पटीने गुणतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो. ‘‘मॅडम, पाच ते सात आठवडे लागतील. एसएमएसच्या मंजुरीचा अर्ज आजच करून टाकू, त्याचे दिवस आपल्या हातात नाहीत.’’ डॉक्टरबाई नाराज होतात. त्यांनी पंधरा दिवसांची अपेक्षा ठेवली होती. पण हाडाला प्लास्टर घातल्यावर ‘‘चार ते सहा आठवडे’’ असे त्याही रोज कोणाला तरी सांगत असतात आणि तारीख मागणाऱ्याला ती देत नाहीत. त्या थोडे थांबतात आणि विचारतात, ‘‘मग पंधरा दिवसांत काय मिळेल?’’

‘‘वेळ नोंदवता येईल आणि दिवसाची यादी दिसेल. एसएमएस नाही, जुनी नावे नाहीत. तोवर वही राहू द्या टेबलावर.’’